जर्दाळू रंगाचा झगा

पिकेट, मिसिसिपी
सोमवार, ६ मार्च १९७२

चि. क्लीओफस यास,
ओझेलाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा बूट पाहिला. शनिवारी दुपारी एक वाजून सात मिनिटांनी तुमच्या नाचाच्या कार्यक्रमात उजव्या कोपऱ्यात एक शिडी दिसली, तिच्यावर एक तपकिरी बूट, आणि त्या बुटाची नाडी सुटलेली. मी लगेच ओळखलं. चाळिशी उलटली, मेम्फिसच्या टीव्ही स्टेशनात दिवे लावायच्या कामाला लागलास, पण नाडी बांधायची अक्कल काही आली नाही. तरी मी सगळ्यांना सांगितलं की तो बूट माझ्या भावाचा आहे, आणि चर्चचे डीकन पर्व्हिस म्हणाले की बूट छान आलाय.

पण माझी मुलगी कुठे होती? दोन शनिवार झाले, मी डोळे फाडफाडून बघतेय. तीस मुलंमुली नाचतात, त्यात मार्व्हेल आहे असं तू लिहितोस, ती लिहिते, मग मला कशी दिसत नाही? टायपिंग शिकायला म्हणून तिला तुझ्या घरी धाडली, ती नाचायला लागली, तेही मी चालवून घेतलं. आता निदान दिसू तरी दे.

आपल्या वस्तीत रंगीत टीव्ही एकच, मयताची तयारी करून देणाऱ्या मिस्टर टॉलिव्हरांकडे. मयताला आलेल्या मंडळींना बसायची जी पुढची खोली आहे ना, तिथेच तो मांडलाय. त्यामुळे शनिवारचं मयत असलं तर साडेबाराच्या आत उरकतं. परवा म्हाताऱ्या सिस्टर ल्युव्हेनियाला पोचवलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना इतकी आटोपशीर केली की तिच्या मुलानेच त्यांचे आभार मानले, आणि मग तो काळी हॅट मांडीवर ठेवून आमच्यात बसला. बँडवाल्यांनी सुरुवात केली तसा त्याचा पाय आपसूक हलायला लागला. म्हातारीला नाच आवडायचाच, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

तुला आठवतं का, पूर्वी टीव्हीवर आपल्या काळ्या लोकांतलं कुणी आलं की काय पळापळ व्हायची? गावभर फोन खणखणायचे की अमक्या चॅनलवर आपलं माणूस आलंय, टाका हातातलं आणि पळा. पळत जाऊन बघावं तर गाणं संपलेलं आणि साबणाची जाहिरात चालू. कधीकधी तर मध्येच ‘तांत्रिक बिघाड’ अशी पाटी लावायचे, आणि आपला गाणारा गाऊन बाहेर पडला की बिघाड बरोबर दुरुस्त व्हायचा. आता आख्खा तास आपला आहे. अजून खरं वाटत नाही, म्हणून आम्ही अर्धा तास आधीच जाऊन बसतो.

मार्व्हेलला पुढे उभी करायला सांग. तू शिडीवर नुसता चढलेला असतोस, तिथून ओरडून सांगायला काय हरकत आहे?

माया आहे तशीच ठेव, पातळ करू नकोस.
तुझी ताई,
ओझेला

—

मेम्फिस
शुक्रवार, १० मार्च १९७२

ति. ताईस,
क्लीओफसचा सा. न. वि. वि.

नाडी बांधली. आता पुढचं ऐक.

मार्व्हेल तिसऱ्या रांगेत आहे, डावीकडे, ढोलवाल्याच्या मागे. नव्या मुलींना मागेच उभं करतात, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. नाचते मात्र अशी की मी वरून दिवा फिरवायचा विसरतो. मध्येच दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि मधून एकेक जोडी नाचत येते. त्यात तिच्या गुडघ्यांना हाडं आहेत की नाहीत असा प्रश्न पडतो. हे तिने तुझ्याकडून घेतलेलं नाही, तिच्या बापाकडून घेतलंय.

नाचणाऱ्यांना पगार वगैरे नसतो. एकेक डबा तळलेली कोंबडी आणि थंड सोडा मिळतो. पण आता एक खरी संधी आली आहे. आपला कार्यक्रम उन्हाळ्यात आणखी पाच शहरांत दाखवणार आहेत. त्यासाठी तिसातले सोळाच जण कायमचे ठेवणार, आणि त्यांना रीतसर कामावर घेणार. निवड पंधरा एप्रिलच्या कार्यक्रमानंतर. दिग्दर्शक मिस्टर हॅस्केल, गोरे आहेत पण माणूस सरळ आहे. टीव्हीवर जे उठून दिसतील ते राहतील, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलंय.

बाकी माझं बरं चाललंय. आपल्या मंडळींनी दोन वर्षं स्टेशनच्या दारात फलक धरून हा तास मिळवला, तेव्हाच मीही झाडूवरून शिडीवर चढलो, हे मी विसरत नाही. कामात गंमतही असते. कार्यक्रमाच्या दीड तास आधी ऑफिसातली टायपिस्ट, मिस डॉटी, हिला जमिनीवर चिकटपट्टीची फुली असते तिथे कॅमेऱ्यासमोर उभी करतात. तिचा गोरा चेहरा पडद्यावर छान दिसेपर्यंत इंजिनिअर ब्रूनर कॅमेऱ्याची बटणं पिळत बसतो. बिचारी दिव्यांखाली घामाने निथळते, हातात विणकाम घेऊन उभी असते. तिचा मोज्यांचा एक जोड या कार्यक्रमावरच पुरा झाला.

काळजी करू नकोस, मी आहे इथे. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.
तुझा धाकटा,
क्लीओफस

—

मेम्फिस
मंगळवार, १४ मार्च १९७२

ति. आईस,
मार्व्हेलचा शि. सा. न. वि. वि.

मामाने तुला गोड गोड लिहिलं असणार. तो दुसऱ्याचं मन राखायला बघतो आणि मग सगळंच अर्धवट सांगतो. मी नवी आहे म्हणून मागे नाही. माझ्यानंतर आलेल्या दोघी पुढच्या रांगेत आहेत. त्यातली रोवीना तर पाण्याची बादली हिंदकळू नये अशी नाचते. पण ती उजळ आहे आणि कॅमेरा तिला घेतो. मला घेत नाही.

मिस्टर हॅस्केलनी मला बाजूला बोलावून समजावलं. ते म्हणाले की तिसात तुझ्यासारखं कोणी नाचत नाही, पण काय करू, पडद्यावर तू येतच नाहीस. मला वाटलं उगाच सांगताहेत. मग त्यांनी मला स्टुडिओतल्या छोट्या पडद्यासमोर नेलं आणि मागच्या शनिवारचं रेकॉर्डिंग दाखवलं. आई, खरंच. एक कॉलर होती आणि दात होते. माझ्या उजव्या कानापुढे तुझ्या तापलेल्या फणीचा डाग आहे ना, मी नऊ वर्षांची असताना ईस्टरच्या आदल्या दिवशी केस सरळ करताना लागलेला, तो मला आरशात रोज दिसतो. त्या पडद्यावर कानच नव्हता, मग डाग कुठला? पाहून मला हसू आलं, आणि घरी आल्यावर रडू आलं.

तर एक काम कर. तुझ्या पार्लरच्या तिसऱ्या फळीवर त्या निळ्या डब्या असतात, रंग उजळायच्या, त्यातल्या दोन पाठव. महिना हातात आहे. इथे सगळेच काही ना काही लावतात. आमचे सूत्रधार स्लिम पेटवे, ज्यांच्या आवाजावर तुम्ही सगळ्या फिदा आहात, त्यांनाही दर शनिवारी दोन छटा फिकी पावडर फासतात.

रागावू नकोस. तू स्वतः गावातल्या बायकांना ते विकतेस, मग मी लावलं तर काय बिघडलं?

टायपिंग बरं चाललंय. करंगळी अजून ऐकत नाही.
तुझी लाडकी,
मार्व्हेल

—

पिकेट
शुक्रवार, १७ मार्च १९७२

चि. मार्व्हेल हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

त्या डब्या संपल्या आहेत. माल येत नाही. तेव्हा तो विषय सोड.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग दुकानाला कुलूप लावून कापडवाल्याकडे गेले. पांढरं सॅटिन घेतलं, इतकं पांढरं की त्याच्याकडे बघितलं तर डोळे दिपतात. साधी गोष्ट आहे. तू मागे उभी आहेस, तिथे अंधार आहे, तर अंधारात काय दिसतं? पांढरं दिसतं. आम्ही रस्त्याने संध्याकाळी चालताना हातात रुमाल धरतो, तो मोटारवाल्यांना दिसावा म्हणून पांढराच धरतो. तुमच्या स्टेशनात इतके शिकलेले लोक आहेत, कोणाच्याच डोक्यात हे कसं आलं नाही?

बाह्या लांब, गळा बंद, घेर असा की गिरकी घेतलीस तर पुढच्या रांगेतल्या त्या बादलीवालीला वारा लागेल. एक एप्रिलच्या कार्यक्रमाला घाल. दुसऱ्या दिवशी ईस्टर आहे, तेव्हा चर्चमध्येही तोच चालेल. टॉलिव्हरांच्या खोलीत मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय की पांढऱ्या झग्यावर नजर ठेवा.

तू दिसशील. मी तुझी आई आहे, मला माहीत आहे.

करंगळीला रोज गरम पाण्यात बुडव. मामाला जास्त तिखट खाऊ देऊ नकोस.
तुझी,
आई

—

पिकेट
सोमवार, ३ एप्रिल १९७२

चि. क्लीओफस यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काय झालं ते तुला शिडीवरून कळलं असेल की नाही, मला ठाऊक नाही. आम्ही काय पाहिलं ते सांगते.

टॉलिव्हरांकडे बसायला जागा नव्हती. शवपेट्या ठेवायच्या चाकांच्या गाड्यांवर सुद्धा लोक बसले होते. स्लिम पेटवेंनी कार्यक्रमाचं नाव पुकारलं, बँड सुरू झाला, दोन रांगा झाल्या, आणि मधून पांढरा झगा आला. नुसता झगा. त्यात माझी मुलगी नव्हती. वर डोकं नाही, बाह्यांच्या टोकाला हात नाहीत. घेर फिरतोय, बाह्या हलतायत, झगा गुडघ्यातून वाकतोय, उसळतोय, आणि आत कोणी नाही. डीकन पर्व्हिसनी हॅट काढून छातीशी धरली. कोणीतरी म्हणालं की आज एक एप्रिल आहे, स्टेशनवाल्यांनी थट्टा केली असेल. मावशी झिपोराने मात्र मिस्टर टॉलिव्हरांनाच विचारलं की तुमच्याकडून कोणी उठून गेलंय का, मोजून बघा.

मग जे हसू फुटलं ते थांबेना. मी पण हसले. हसत हसत उठले, बाहेरच्या व्हरांड्यात गेले आणि तिथे खांबाला धरून रडले. क्लीओफस, ते झग्याला हसत होते, मला कळत होतं. पण माझं पोर त्या झग्यात होतं. दहा दिवस मी बसून तिला नाहीसं करायचं कापड शिवलं.

मिस्टर टॉलिव्हर माझ्यामागे बाहेर आले. तुला माहीत आहे, ते किती कमी बोलतात. ते म्हणाले की ओझेलाबाई, मला आधी विचारायचं होतं, आणि मला त्यांच्या मागच्या खोलीत घेऊन गेले. मी तिथे कधी गेले नव्हते. तिथे पेट्यांना आतून लावायचं कापड रचून ठेवलेलं असतं. पीच रंग आहे, जर्दाळू रंग आहे, फिकट गुलाबी आहे, पांढरं एक वार नाही. एकतीस वर्षांत त्यांनी आपल्या माणसाच्या चेहऱ्याजवळ पांढरं कापड येऊ दिलेलं नाही. पांढरं सगळा उजेड खाऊन टाकतं आणि चेहरा राखेसारखा पडतो, असं त्यांनी सांगितलं. गोऱ्यांच्या दुकानातून आलेल्या पेट्यांना पांढरं अस्तर असतं, ते हे आधी फाडून काढतात.

मग दिवे दाखवले. डोक्यावर एकही नाही. दोन्ही बाजूंना, छातीइतक्या उंचीवर, आणि त्यांच्यावर पिवळसर गुलाबी कागद. ते म्हणाले की वरून उजेड टाकला की डोळ्यांच्या जागी भोकं दिसतात आणि कपाळ तेवढं चमकतं. काळा चेहरा म्हणजे नुसता काळा नसतो, त्यात तांबूस आहे, तपकिरी आहे, जांभळट आहे, बाजूने ऊब दिली की ते सगळं वर येतं. मग बायका येऊन म्हणतात की माझा नवरा अगदी झोपल्यासारखा दिसतोय. इतकी वर्षं मी सुद्धा हेच म्हणत आले, आणि कसं दिसतं हे कधी विचारलं नाही.

मी म्हटलं की जिवंत माणसांसाठी पण हे चालेल का? त्यावर ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले की जिवंत माणूस जास्त सोपं, ते मान वळवतं.

तर तुला सगळं वेगळ्या कागदावर काढून पाठवलंय. दिव्यांची उंची त्यांनी स्वतः मोजून लिहिली आहे. झगा पोस्टाने परत पाठव, मी तो रंगवते.

आणि एक तुला सांगते, मार्व्हेलला सांगू नकोस, मीच सांगेन. त्या निळ्या डब्या संपल्या नव्हत्या. फळी भरलेली होती. मी पोरीला खोटं लिहिलं, कारण तिने विचारलं होतं की तू विकतेस तर मी लावलं तर काय, आणि मला उत्तर सुचलं नाही. मला लाज वाटली. कितीतरी बायकांच्या हातात मी ती डबी ठेवली आणि वर सांगितलं की पंधरा दिवसांत फरक दिसेल. ईस्टरला चर्चमधून आल्यावर सगळ्या डब्या मागच्या अंगणात खड्डा करून पुरल्या. टॉलिव्हरांनी फावडं दिलं, काय पुरायचंय ते विचारलं नाही.

लवकर उत्तर दे. मनात घेतलंस तर तू करशील.
तुझी ताई,
ओझेला

—

मेम्फिस
सोमवार, १० एप्रिल १९७२

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

झगा गुरुवारीच टाकला, मिळाला असेल. मावशी झिपोराचं वाचून मी इतका हसलो की शेजारीण भिंत ठोकायला लागली. मार्व्हेलला तो भाग वाचून दाखवला. ती हसली, पण जेवली नाही.

आता माझं ऐक, आणि मला बोलायचं ते नंतर बोल. मी दिव्यांवर लावायचे जर्दाळू रंगाचे जिलेटिन कागद मिळवले. परवा शनिवारी सगळ्यांच्या आधी गेलो, टॉलिव्हरांच्या मापाने दोन दिवे दोन्ही बाजूंना खाली लावले. ब्रूनर आला, त्याने बघितलं, आणि हे काय लावलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला की दिव्यात काही खोट नाही, माणसंच काळी आहेत त्याला दिवा काय करणार, आणि दोन्ही काढायला लावले. मी काढले, ताई. एक शब्द बोललो नाही. परत झाडू हातात येईल ही भीती वाटली. पोर तिथेच उभी होती, तिने पाहिलं. त्या दिवशी ती जुनाच ड्रेस घालून मागे नाचली, तुम्हाला दिसली नसेलच.

रविवारी जेवताना मी तिची माफी मागितली. म्हटलं, दिवे राहिले असते तरी अर्धंच काम झालं असतं. ब्रूनरची सगळी बटणं डॉटीच्या चेहऱ्यावर बसवलेली असतात. त्या फुलीवर जो उभा राहील तो नीट दिसतो, बाकीचे नशिबावर. हे ऐकल्यावर तिने चावायचं थांबवलं. मग तिने एवढंच विचारलं की डॉटी त्या फुलीवर किती वाजता उभी राहते. मी सांगितलं, साडेअकरा. ती पुन्हा जेवायला लागली, आणि दोनदा वाढून घेतलं. ताई, मला जरा धास्तीच वाटतेय.

शनिवारी निवड आहे. प्रार्थनेत आमच्या दोघांची नावं घे, माझं आधी.
तुझा,
क्लीओफस

—

मेम्फिस
शनिवार, १५ एप्रिल १९७२, संध्याकाळ

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

कोंबडीचा डबा समोर आहे, हात तेलकट आहेत, पण आधी लिहितो आणि मग खातो.

तू रंगवलेला झगा बुधवारी आला. रंग अगदी टॉलिव्हरांच्या कापडाचा साधलास. मार्व्हेल तो घालून आज अकरालाच माझ्याबरोबर आली. मिस डॉटी हातात विणकाम आणि कॉफी घेऊन आली, तर फुलीवर ही उभी. हात पाठीमागे, हनुवटी वर, तू पाळकसाहेबांशी वाद घालताना उभी राहतेस तशी. डॉटीने विचारलं की काय गं, तर हिने गोडपणे सांगितलं की मिस डॉटी, तुम्ही इतके आठवडे उभ्या आहात, आज बसा, मी उभी राहते. डॉटीने एकदा ब्रूनरकडे बघितलं, एकदा खुर्चीकडे, आणि जाऊन बसली. तिला त्या दिव्यांखाली मुळीच यायचं नव्हतं, पण आजपर्यंत कोणी तिला विचारलंच नव्हतं.

ब्रूनर तडकला. म्हणाला की हिच्यावर बटणं बसवली तर उजळ माणसं पडद्यावर पांढरीफटक होऊन भाजून निघतील, ही कुठली रीत. तेवढ्यात स्लिम पेटवे पावडर लावायच्या खुर्चीतून उठून आले, गळ्यात टॉवेल तसाच. त्यांनी सांगितलं की मला काही घाई नाही, आधी ही पोर दिसू दे, मग मी माझी पावडर लावायची की पुसायची ते ठरवतो. मिस्टर हॅस्केल घड्याळाकडे बघत म्हणाले की पाच मिनिटं द्या, बघू तर काय होतं.

आणि मग ताई, मी बोललो. मोठं भाषण नाही. शिडीवरून खाली उतरलो आणि म्हणालो की मिस्टर ब्रूनर, दिवे मी लावतो, पाच मिनिटांत जमलं नाही तर मी स्वतः झाडू आणतो. आणि हो, नाडी बांधलेली होती.

दोन दिवे बाजूला खाली, जर्दाळू कागद, वरचे दोन बंद. ब्रूनर कुरकुरत बटणं फिरवायला लागला. आणि पडद्यावर ती यायला लागली. आधी कपाळ, मग गाल, मग डोळे. ब्रूनरचं कुरकुरणं थांबलं. तो माणूस आडमुठा आहे पण आंधळा नाही. मग त्यानेच डॉटीला हाक मारली, मार्व्हेलच्या शेजारी उभी केली, आणि दोघींच्या मध्ये कुठेतरी बटणं अशी आणून ठेवली की दोघीही छान दिसल्या. मला म्हणाला की हे टॉलिव्हर कुठल्या स्टेशनात काम करतात? मी म्हटलं, त्यांच्याकडे आलेले लोक परत जात नाहीत, इतकं चांगलं स्टेशन आहे.

स्लिम पेटवेंनी टॉवेलने तोंड पुसलं आणि आज पावडर न लावता उभे राहिले. मिस्टर हॅस्केलनी मार्व्हेलला पहिल्या रांगेत बोलावलं. सोळांत तिचं नाव पहिलं आहे. शिवाय ब्रूनरने लेखी देऊन टाकलंय की यापुढे दर शनिवारी साडेअकराला फुलीवर डॉटी आणि मार्व्हेल दोघींनी उभं राहायचं. डॉटी तिला मोजे विणायला शिकवणार आहे.

तू काय पाहिलंस ते सविस्तर लिही. मी शिडीवर होतो, मला नेहमी सगळ्यांचे भांगच दिसतात.

आज तरी मला शहाणा म्हण, मग वाटेल तेवढं रागव.
तुझा,
क्लीओफस

—

पिकेट
मंगळवार, १८ एप्रिल १९७२

चि. मार्व्हेल हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मामाचं पत्र आज मिळालं, निवडीचं कळलं. त्याला सांग की ताईने शहाणा म्हटलंय, पण हे पत्र जपून ठेव, पुन्हा म्हणेन याची खात्री नाही.

तू फुलीवर जाऊन उभी राहिलीस हे वाचून आधी मी घाबरले आणि मग दुकानात आलेल्या प्रत्येकीला वाचून दाखवलं. आता आमच्या इकडचं सांगते.

या वेळी मी कोणालाच काही सांगून ठेवलं नव्हतं. मागच्या खुर्चीत, दाराजवळ बसले, म्हणजे उठून जाता यावं. मावशी झिपोरा माझ्या शेजारी होती. बँड सुरू झाला, स्लिम पेटवे आले, आणि खोलीत एकदम कुजबुज झाली, कारण ते आपल्या डीकन पर्व्हिसांच्या रंगाचे निघाले. इतके दिवस आम्ही त्यांना कोणी दुसराच माणूस समजत होतो. मग दोन रांगा झाल्या. पहिल्या रांगेत जर्दाळू रंग होता आणि त्याच्या वर तू होतीस.

तू होतीस, मार्व्हेल. गळा, मनगटं, बोटं, सगळी तू. माझ्या आईच्या गालांची हाडं. नाचताना तू खालचा ओठ दातांत धरतेस, चार वर्षांची असल्यापासून धरतेस, ते दिसलं. आणि मग कॅमेरा जवळ आला, तू मान वळवलीस, आणि उजव्या कानापुढे माझ्या फणीचा डाग दिसला. तो डाग पडला त्या दिवशी मी स्वतःला किती शिव्या दिल्या होत्या, तुला ठाऊक नाही. तो बघून मला कधी इतका आनंद होईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. मी मोठ्याने सांगितलं की तो डाग माझा आहे. मिस्टर टॉलिव्हर भिंतीशी हाताची घडी घालून उभे होते. ते म्हणाले, डाव्या बाजूचा दिवा अजून दोन बोटं खाली हवा. मामाला कळव.

डब्यांचं तुला सांगायचंय. त्या संपल्या नव्हत्या, मी खोटं लिहिलं. तू जे विचारलं होतंस त्याचं उत्तर मला तेव्हा नव्हतं. अजूनही नीट सांगता येत नाही. एवढंच सांगते की त्या आता माझ्याकडे नाहीत आणि पुन्हा येणार नाहीत. फळी रिकामी दिसते म्हणून बायका विचारतात. तिथे तुझा फोटो लावायचा आहे, झग्यातला. मामाला नीट उजेडात काढायला सांग.

आणि एक गंमत. तू कॅमेऱ्याजवळ आलीस तशी मला राहवेना. मी धावत टॉलिव्हरांच्या व्हरांड्यातल्या फोनकडे गेले, जुनी सवय. पाळकसाहेबांकडे लावला, की लवकर बघा, माझी पोर आली आहे. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. शाळेच्या बाईंकडे लावला. कोणी उचलला नाही. तुझ्या आत्याकडे, पलीकडच्या गावात लावला, तिच्या नव्या शेजारणीकडे लावला. सगळीकडे घंटी वाजतेय आणि कोणी जागचं उठत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की सगळे आपापल्या घरी आधीच बघत बसलेत.

मग मी फोन ठेवला आणि सावकाश चालत आत आले. कार्यक्रम अजून पुरी वीस मिनिटं बाकी होता.

करंगळीची काळजी घे. आईवर जीव आहे तेवढा असू दे, मला पुरतो.
तुझी,
आई